पहिल्या ज्यू कॅम्पचे पैसे: कुणाकडे, कधी आणि कोणत्या क्रमाने मागायचे

प्रश्न: आम्ही ठाण्याचे बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, गेली काही वर्षं न्यू जर्सीत एडिसनला राहतो. नवरा एच-१बी व्हिसावर, मी आणि मुलं त्याच्यावर अवलंबून म्हणून एच-४ वर. माझ्याकडे कामाचा परवाना आहे, अर्धवेळ नर्सचं काम करते. मुलगी ११ वर्षांची, मुलगा १६ चा, दोघंही पब्लिक स्कूलमध्ये. सिनेगॉगच्या रविवारच्या शाळेतली बहुतेक मुलं उन्हाळ्यात ज्यू कॅम्पला जातात, म्हणून मुलीने हट्ट धरलाय. फी बघून डोळे पांढरे झाले. नवरा म्हणतो, एवढ्यात चौघांची ठाण्याची फेरी होते. मुलाला मित्रांबरोबर इस्रायलला जायचंय. मदतीचे फॉर्म भरायला संकोच वाटतो, शिवाय ग्रीन कार्डवर परिणाम होईल अशी भीती आहे. आमची मुलं तिथे वेगळी पडतील का, हीही काळजी आहे. आणि ठाण्याला असलेल्या माझ्या भाचीसाठी असं काही असतं का?
एक आई, एडिसन

उत्तर:

ताई, मुलीला येत्या उन्हाळ्यात जरूर पाठवा. मुलाच्या बाबतीत मात्र पैशांचा हिशेब मांडण्याआधी त्याचा पासपोर्ट उघडा आणि अमेरिकन व्हिसाच्या शिक्क्याची तारीख बघा. त्याची सहल फीपेक्षा त्या तारखेवर जास्त अवलंबून आहे. त्याचं पुढे सांगतोच, आधी मुलीचं बघू.

कॅम्पच्या वेबसाइटवर जी फी दिसते ती पूर्ण भरणारी कुटुंबं असतात, तशी कमी भरणारीही भरपूर असतात. एकाच केबिनमधल्या दोन मुलींच्या घरून वेगवेगळी रक्कम आलेली असते आणि कोणी किती भरली हे मुलींना कळत नाही. या कॅम्पांमध्ये शिष्यवृत्तीसाठी दरवर्षी मुद्दाम देणग्या गोळा होतात. तुमच्या सिनेगॉगमधल्याच कुणीतरी त्यात पैसे घातले असतील. तेव्हा संकोच बाजूला ठेवा. रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही म्हणतात, इथे तर रडायचीही गरज नाही, फक्त वेळेवर अर्ज करायचा आहे.

कॅम्प कुठला? पेनसिल्व्हेनियाच्या डोंगराळ भागात आणि न्यू यॉर्क राज्यात तुम्हाला गाडीने काही तासांत गाठता येतील असे कितीतरी आहेत. मिलफर्डला एनजेवाय कॅम्प्स आहेत, ते कुठल्याच एका पंथाचे नाहीत. कंकलटाउनचा कॅम्प हार्लम रिफॉर्म, म्हणजे सैल नियमांच्या, चळवळीचा. रामा इन द पोकोनोज कॉन्झर्व्हेटिव्ह, म्हणजे परंपरा जास्त पाळणाऱ्या, चळवळीचा, तो लेकवुडला आहे, पण पेनसिल्व्हेनियातल्या लेकवुडला. न्यू जर्सीच्या लेकवुडशी घोटाळा करू नका, नाहीतर जीपीएस भलतीकडेच नेईल. ओट्सव्हिलचा कॅम्प गलिल हबोनिम द्रोर या समाजवादी झायोनिस्ट युवक संघटनेचा, तिथे कामं वाटून करण्यावर भर. हडसन नदीकाठच्या कोल्ड स्प्रिंगचा सरप्राइज लेक कॅम्प १९०२ पासून चालू आहे. शेती आणि पर्यावरणाची आवड असेल तर पटनम व्हॅलीचा ईडन व्हिलेज बघा.

पंथांच्या पाट्यांनी गोंधळू नका. घरी शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसासाठी शुक्रवारी संध्याकाळी, दिवे लागतात का, मांस आणि दूध वेगळं ठेवता का, मुलीला हिब्रू वाचता येतं का, एवढं स्वतःशी ठरवा आणि त्याच्या जवळचा कॅम्प निवडा. रामामध्ये रोज सकाळी प्रार्थना असते, हिब्रू शब्दांचा वापर सढळ असतो, स्वयंपाकघर पूर्ण कोशर, म्हणजे ज्यू आहारनियम पाळणारं. रिफॉर्म कॅम्पात गिटारवर गाणी जास्त आणि नियम सैल. तुम्ही घरी मांसात दूध-दही नको म्हणून चिकनच्या रश्शात नारळाचं दूध घालत असाल तर मुलीला कोशर जेवणघराची शिस्त नवी वाटणार नाही.

आता खर्च. ओव्हरनाइट कॅम्पचा, म्हणजे मुक्कामी कॅम्पचा दर आठवड्याला साधारण १,५०० ते २,००० डॉलर धरा. तीन ते चार आठवड्यांचं सत्र ५,००० ते ८,००० च्या घरात जातं. त्यात बस, कपड्यांची धुलाई, सामान पोहोचवायचं शुल्क, कँटीनचं खातं आणि कॅम्पचा टी-शर्ट धरलेला असतोच असं नाही. म्हणून पहिल्याच फोनवर विचारा, "या रकमेत काय येत नाही?" आणि उत्तर ईमेलने मागवा.

पैसे मागण्याचा क्रम इथे फार महत्त्वाचा आहे, कारण एका पायरीचा कागद पुढच्या पायरीला लागतो. पहिलं काम, लवकर नोंदणी. बहुतेक कॅम्प शरद ऋतूत नोंदणी उघडतात आणि लवकर येणाऱ्यांना काही सवलत देतात. अनामत भरा, पण ती कुठल्या तारखेपर्यंत परत मिळते हे वाचून मगच भरा. दुसरं, नोंदणीचा ईमेल हातात आला की त्याच आठवड्यात 'वन हॅपी कॅम्पर'चा अर्ज. हे अनुदान फाउंडेशन फॉर ज्यूइश कॅम्प ही १९९८ साली स्थापन झालेली संस्था स्थानिक भागीदारांबरोबर चालवते. पहिल्यांदाच मुक्कामी ज्यू कॅम्पला जाणाऱ्या मुलासाठी १,००० डॉलरपर्यंत मिळतात आणि त्यासाठी उत्पन्न दाखवावं लागत नाही. ही गरिबांची मदत नाही, मुलांना कॅम्पची गोडी लागावी म्हणून दिलेलं प्रोत्साहन आहे. ज्यांचं उत्पन्न तुमच्या दुप्पट आहे तेही हे घेतात.

यात तीन ठिकाणी लोक घसरतात. एक, दिवसांची मोजणी. अनेक ठिकाणी १२ ते १८ दिवसांच्या सत्राला ७०० आणि १९ दिवसांपासून पुढे १,००० अशी वाटणी असते. 'तीन आठवड्यांचं सत्र' असं लिहिलेलं असलं तरी रविवारी सुरू होऊन शुक्रवारी संपणारं सत्र प्रत्यक्षात १९-२० दिवसांचं निघतं, आणि काही सत्रं १८ वरच थांबतात. कॅलेंडर समोर ठेवून बोट लावून मोजा. दोन, एखाद्या उन्हाळ्यात कुठल्याशा दोन आठवड्यांच्या मुक्कामी ज्यू कॅम्पला मूल गेलेलं असेल तर ते 'पहिल्यांदा' राहत नाही. म्हणून पहिलं वर्ष छोट्या सत्रावर उधळू नका. चाखून बघायचं असेल तर कॅम्पचा चार-सहा दिवसांचा नमुना मुक्काम घ्या, तो सहसा या मोजणीत धरत नाहीत, तरी कॅम्पला विचारून घ्या. तीन, कॅम्प संपल्यावर मागून हे अनुदान मिळत नाही, आणि भागीदाराकडचा निधी संपला की त्या वर्षीचं दार बंद. ज्यू डे स्कूलच्या, म्हणजे ज्यू खाजगी शाळांच्या, मुलांना बऱ्याच ठिकाणी ते नाकारतात. तुमची मुलगी पब्लिक स्कूलची, त्यामुळे ती अडचण नाही. घरी पीजे लायब्ररीची मोफत पुस्तकं येत असतील तर त्यांच्यामार्फतही अर्ज करता येतो. मात्र एकाच मुलासाठी दोन दारांतून ते मिळत नाही.

तिसरी पायरी कॅम्पची स्वतःची शिष्यवृत्ती. ही उत्पन्न बघून मिळते. मागच्या वर्षीचा फॉर्म १०४० (टॅक्स रिटर्न), दोघांचे डब्ल्यू-२ (वर्षाच्या पगाराचे दाखले), अलीकडच्या दोन-तीन पगाराच्या पावत्या आणि खर्चाची यादी लागते. समिती हिवाळ्यात बसते, म्हणून जानेवारीत फाइल तयार हवी. फॉर्ममध्ये 'तुम्ही किती भरू शकाल?' हा प्रश्न असतो. तिथे शून्य लिहू नका आणि जागा रिकामीही सोडू नका. समितीला तुमच्या बाजूने भांडायला एक आकडा लागतो. घरखर्च मांडून महिन्याला खरोखर किती निघतील ते बघा, त्याला उन्हाळ्यापर्यंतच्या महिन्यांनी गुणा आणि ती रक्कम लिहा.

त्याच फॉर्मवर भारतीय कुटुंबांची एक गोष्ट कायम राहून जाते. ठाण्याला आईवडिलांना किंवा सासूसासऱ्यांना दर महिन्याला जे पाठवता, ते अमेरिकन फॉर्मच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. टॅक्स रिटर्नवर ते दिसत नाही, म्हणून समितीला वाटतं तुमच्याकडे तेवढे पैसे शिल्लक आहेत. शेवटच्या 'आणखी काही सांगायचं आहे का' या चौकटीत चार ओळी लिहा: दोन वयस्कर माणसांचा औषधपाण्याचा खर्च आम्ही करतो, महिना अमुक डॉलर, बँकेची पावती सोबत. इमिग्रेशन वकिलाची फी, मागच्या वर्षी नवऱ्याला मिळालेला एकदाच येणारा बोनस किंवा विकलेले शेअर, हेही तिथेच. उत्पन्न फुगलेलं का दिसतं हे तुम्ही सांगितलं नाही तर समितीला ते कळायला मार्ग नाही.

चौथी पायरी फेडरेशन, म्हणजे त्या भागातल्या ज्यू समाजाची देणग्या गोळा करून वाटणारी संस्था. एडिसन मिडलसेक्स काउंटीत येतं, तेव्हा तुमचं फेडरेशन म्हणजे 'ज्यूइश फेडरेशन इन द हार्ट ऑफ न्यू जर्सी'. फेडरेशन तुमच्या घराच्या पत्त्यावरून ठरतं, सिनेगॉगच्या पत्त्यावरून नाही. तुम्ही प्रार्थनेला शेजारच्या काउंटीत जात असलात तरी अर्ज घरच्या फेडरेशनकडेच. पाचवी पायरी तुमच्या सिनेगॉगचे रब्बाय, म्हणजे धर्मगुरू. त्यांच्या हातात स्वेच्छानिधी असतो. त्याची जाहिरात कधीच होत नाही आणि त्याला फॉर्मही नसतो. मुलीचं नाव, कॅम्प, सत्र, एकूण फी, आतापर्यंत कुठून किती मिळाले आणि किती कमी पडतात, एवढं एका छोट्या ईमेलमध्ये लिहा. महिला मंडळाकडे, ज्याला इथे सिस्टरहूड म्हणतात, तीच प्रत पाठवा.

यानंतरही उरलं तर बिनव्याजी कर्ज. यहुदी समाजात गरजूला बिनव्याजी कर्ज देण्याची धार्मिक परंपरा आहे, आणि अमेरिकेत त्यासाठी हिब्रू फ्री लोन संस्था आहेत. न्यू यॉर्कची १८९२ पासून आहे. राहत्या भागाची अट असते, म्हणून तुम्हाला न्यू जर्सीतली संस्था शोधावी लागेल. कर्जाला जामीनदार लागतो, आणि नोकरी-पत्ता नीट असलेला जामीनदार वेळेवर न मिळाल्यामुळेच बरेच अर्ज अडकतात. त्या माणसाशी आधी बोलून ठेवा.

सगळं मिळून कसं दिसतं ते बघा. समजा तीन आठवड्यांच्या, १९ दिवसांच्या सत्राची फी ५,४०० आणि बस वगैरे ३००, एकूण ५,७००. लवकर नोंदणीची सवलत २००, पहिल्यांदा जाण्याचं अनुदान १,०००, कॅम्पची शिष्यवृत्ती १,२००, फेडरेशन ६००, रब्बायकडून ३००. राहिले २,४००. नोव्हेंबरपासून जूनपर्यंत आठ हप्ते केले तर महिना ३००. हे आकडे केवळ नमुन्याचे आहेत, पण २,४०० मध्ये चौघांची ठाण्याची फेरी काही होत नाही, एवढं नवऱ्याला दाखवायला पुरे.

मधे एक बारीक खाच आहे. काही कॅम्प बाहेरून मदत मिळाली की आपली शिष्यवृत्ती तेवढीच कमी करतात. मग फेडरेशनचे ६०० मिळवायला तुम्ही घेतलेली मेहनत कॅम्पच्या तिजोरीत जाते. मदत लपवणं हा त्यावरचा उपाय नाही. अर्ज करतानाच विचारा, "बाहेरची रक्कम आली तर आधी आमचा वाटा कमी होईल की तुमचा?" उत्तर 'आमचा', म्हणजे कॅम्पचा, असं आलं तर रब्बायना कळवा, ते त्यांचे पैसे एखाद्या दुसऱ्या मुलाला देतील.

तुम्ही नर्स आहात, त्यामुळे तुमच्यासाठी आणखी एक वाट उघडी आहे. दवाखान्यासाठी प्रत्येक कॅम्पला परवानाधारक नर्स लागतात आणि त्या वेळेवर मिळत नाहीत. दोन-तीन आठवडे काम केलं तर मुलाची फी पूर्ण किंवा बरीचशी माफ, असा सौदा सर्रास होतो. पण तो सौदा म्हणजे मोबदला आहे. एच-१बी वरच्या माणसाने असं 'सेवाभावाने' काम केलं तर ते परवान्याबाहेरचं काम ठरतं, म्हणून हे नवऱ्याने करायचं नाही. तुमच्या एच-४ च्या कामाच्या परवान्यावर ते चालतं, फक्त परवान्याची मुदत कॅम्पच्या शेवटच्या दिवसापुढे असली पाहिजे. नूतनीकरण रखडलेलं असेल तर होकार देऊ नका. परवान्याचं म्हणाल तर न्यू जर्सीचा बहुराज्यीय नर्सिंग परवाना असेल तर पेनसिल्व्हेनियात त्यावर काम करता येतं, असे परवाने मानण्याचा राज्याराज्यांतला करार त्या राज्याने जुलै २०२५ पासून पूर्ण लागू केला आहे. तुमच्याकडे एकराज्यीय परवाना असेल तर तो आधी बदलून घ्यावा लागेल, आणि त्याला वेळ लागतो.

टॅक्सच्या बाबतीत गैरसमज फार. मुक्कामी कॅम्पचा खर्च डिपेंडंट केअर क्रेडिटमध्ये (मुलं सांभाळण्याच्या खर्चावरची करसवलत) किंवा डिपेंडंट केअर एफएसएमध्ये (त्याच खर्चासाठी पगारातून करमुक्त पैसे बाजूला ठेवायचं खातं) चालत नाही. एक रात्रसुद्धा नाही. डे कॅम्प मात्र चालतो, मूल १३ वर्षांच्या आतलं असेल आणि आईवडील दोघं काम करत असतील तर. म्हणजे कॅम्पच्या आधीचे दोन आठवडे मुलीला ज्यूइश कम्युनिटी सेंटरच्या डे कॅम्पला घातलंत तर त्या दोन आठवड्यांची पावती जपून ठेवा आणि त्यावरचा त्यांचा कर-क्रमांकही टिपून ठेवा. नवऱ्याच्या कंपनीत एफएसएची निवड बहुधा नोव्हेंबरातच करावी लागते. चुकून मुक्कामी कॅम्प धरून जास्त रक्कम टाकली आणि ती दुसऱ्या पात्र खर्चात वापरली गेली नाही, तर ते पैसे बुडतात.

ग्रीन कार्डची भीती इथे लागू नाही. 'पब्लिक चार्ज'चा, म्हणजे सरकारवर भार होण्याचा, प्रश्न सरकारी मदतीपुरता असतो. खाजगी धर्मादाय संस्थेने मुलीच्या कॅम्पला दिलेली शिष्यवृत्ती त्यात येत नाही.

आता मुलाकडे वळू. हायस्कूलच्या मुलांच्या इस्रायल सहली तीन ते चार आठवड्यांच्या असतात आणि विमानासकट ७,००० ते १०,००० डॉलरपर्यंत जातात. त्यासाठी 'रूटवन' नावाचा उपक्रम ३,००० डॉलरपर्यंतचं व्हाउचर देतो. हे पैसे हातात मिळत नाहीत. बीबीवायओ, एनएफटीवाय, रामा, यंग जुडिया अशा भागीदार संस्थेच्या सहलीला नोंदणी केली की ती संस्थाच फीतून वजा करते, आणि निघण्यापूर्वी थोडा ऑनलाइन अभ्यास पूर्ण करावा लागतो. मुलगा अभ्यासू आणि वादविवादाची आवड असलेला असेल तर ब्रॉन्फमन फेलोशिपचाही अर्ज अकरावीत करा. दरवर्षी उत्तर अमेरिकेतून २६ मुलं घेतात आणि खर्च तेच करतात. स्पर्धा तीव्र आहे, तेव्हा त्या एकाच आशेवर उन्हाळा मोकळा ठेवू नका.

पण तुमच्या घरात आधी कागद. मुलाचा पासपोर्ट भारतीय. अमेरिकन मुलांना इस्रायलसाठी जानेवारी २०२५ पासून ईटीए-आयएल ही ऑनलाइन परवानगी २५ शेकेलमध्ये मिळते. भारतीय पासपोर्टला ती सवलत नाही, रीतसर पर्यटक व्हिसा लागतो. अल्पवयीन असल्यामुळे आईवडील दोघांची संमती, आणि सहल संस्थेचं पत्र सोबत. हे जमण्यासारखं आहे. खरी मेख परतीला. एच-४ चा पासपोर्टवरचा शिक्का संपलेला असेल आणि फक्त आय-९४, म्हणजे अमेरिकेतल्या मुक्कामाच्या मुदतीची नोंद, वैध असेल, तर अमेरिकेत राहायला हरकत नाही, पण बाहेर पडलं की नवा शिक्का घेतल्याशिवाय परत येता येत नाही. कॅनडा-मेक्सिकोच्या ३० दिवसांच्या आतल्या फेरीला जी सूट आहे ती इस्रायलला नाही. आणि सप्टेंबर २०२५ पासून अमेरिकेने असा नियम केला आहे की व्हिसाचा अर्ज आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच करायचा आणि बहुतेकांना मुलाखतीला जावंच लागतं, लहान मुलांनासुद्धा. म्हणजे तेल अवीवला उतरून तिथेच शिक्का मारून घेऊ, हा जुना सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. गट विमानाने नेवार्कला परतेल आणि तुमचा मुलगा मुंबईच्या मुलाखतीची तारीख शोधत बसेल.

त्यामुळे शिक्का सहलीच्या पुढच्या तारखेपर्यंत वैध असेल तर जाऊ द्या. नसेल तर आधी भारताची फेरी, शिक्का आणि मग पुढच्या उन्हाळ्यात इस्रायल. नवऱ्याला ठाण्याची फेरी हवीच आहे, ती या कामाला जोडून घ्या. मधल्या उन्हाळ्यात मुलाला देशातल्या देशात फिरणारी टीन टूर देता येते, किंवा एखाद्या कॅम्पात काउन्सेलर-इन-ट्रेनिंग, म्हणजे मुलांवर देखरेख करणाऱ्यांच्या हाताखालचा शिकाऊ, म्हणून पाठवता येतं. सही करण्यापूर्वी तुमच्या इमिग्रेशन वकिलाला तारखा दाखवा. ग्रीन कार्डचा अर्ज अंतिम टप्प्यात असेल तर हे आणखीच जरुरीचं.

बेने इस्रायल घरांत आणखी एक गोष्ट तपासावी लागते. तुमच्या दोघांपैकी कुणी कधी आईवडिलांबरोबर अश्दोदला किंवा दिमोनाला स्थायिक होऊन इस्रायली नागरिकत्व घेतलं होतं का? बऱ्याच कुटुंबांत असा एखादा अध्याय असतो आणि तो विसरला गेलेला असतो. तसं असेल तर परदेशात जन्मलेलं मूलही इस्रायली कायद्याने नागरिक ठरू शकतं. मग त्याने इस्रायली पासपोर्टवरच देशात यायचं असा नियम आहे आणि लष्करी सेवेच्या नोंदीचा प्रश्नही उभा राहतो. हे विमानतळावर कळण्यापेक्षा न्यू यॉर्कच्या इस्रायली वकिलातीत आधी विचारून घेतलेलं बरं.

आणि पैसे अगदीच जमले नाहीत तर मुलगा १८ चा झाल्यावर बर्थराइट आहेच. १९९९ च्या अखेरीस पहिले गट गेले, तेव्हापासून लाखो तरुण जाऊन आले. १८ ते २६ वयासाठी साधारण दहा दिवसांची सहल, विमान, हॉटेल, बस, वाटाड्या सगळं मोफत, परत मिळणारी अनामत तेवढी भरायची. पासपोर्ट, व्हिसा, काही जेवणं आणि टिप मात्र स्वतःची. हायस्कूलमध्ये गटाबरोबर इस्रायलला जाऊन आलं तरी आता बर्थराइटचा हक्क जात नाही. २०१४ पूर्वीचा नियम वेगळा होता, म्हणून जुने लोक अजून तसं सांगतात. ज्यू असल्याबद्दल प्रश्न विचारले जातात. बेने इस्रायल आडनाव, म्हणजे 'कर'ने संपणारं, तिकडच्या मुलाखतकाराला ओळखीचं नसतं. पुढच्या ठाण्याच्या फेरीत शआर हशामायिम सिनेगॉगमधून तुमच्या लग्नाच्या केतुबाची, म्हणजे ज्यू विवाहकराराची, प्रत आणि सभासदत्वाचं इंग्रजी पत्र घेऊन या, शिक्क्यासह. ते कागद मुलांना आयुष्यभर लागतील.

सुरक्षेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण पैशांच्या बाजूने सांगायलाच हवं. जून २०२५ मध्ये इराणशी युद्ध पेटलं, इस्रायलचं आकाश बंद झालं आणि बर्थराइटने आपल्या मुलांना जहाजाने सायप्रसला नेलं. साध्या प्रवास विम्यात युद्ध वगळलेलं असतं. 'कोणत्याही कारणाने रद्द' या प्रकारचा विमा घ्यायचा असेल तर तो पहिला हप्ता भरल्यापासून साधारण दोन-तीन आठवड्यांच्या आत घ्यावा लागतो, आणि त्यातही खर्चाच्या ५० ते ७५ टक्केच परत मिळतात. म्हणून संस्थेला विचारा: सहल तुम्ही रद्द केली तर किती परत, आम्ही घाबरून रद्द केली तर किती, आणि दुसऱ्या देशात वळवली तर व्हाउचर टिकतं का?

वेगळं पडण्याची काळजी खोटी नाही. "तू इंडियन, मग ज्यू कशी?" हा प्रश्न पहिल्या दोन दिवसांत येणारच, आणि बहुतेक वेळा निव्वळ कुतूहलाने येईल. मुलीला त्याचं छोटं, ठाम उत्तर घरून पाठ करून द्या: आमचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून उतरले असं आम्ही मानतो, ते तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी काम बंद ठेवायचे म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. अकरा वर्षांच्या मुलांना जहाज फुटल्याची गोष्ट आवडते, पुढचे प्रश्न ती स्वतःच हाताळेल. कॅम्पच्या संचालकांना मात्र तुम्ही सरळ विचारा की गोरी नसलेली किती मुलं आणि किती काउन्सेलर असतात, आणि कुणी टोचून बोललं तर कोण, काय करतं. 'आमच्याकडे असं होतच नाही' असं उत्तर देणाऱ्या कॅम्पपेक्षा 'मागे झालं होतं, तेव्हा आम्ही हे केलं' सांगणारा कॅम्प निवडा. शुक्रवारी संध्याकाळी सगळे पांढऱ्या कपड्यांत जमतात, गाण्यांच्या चाली बहुतेक अश्केनाझी, म्हणजे युरोपीय ज्यूंच्या, असतात. तुमच्या घरच्या चाली तिला तिथे ऐकू येणार नाहीत हे आधी सांगून ठेवा, म्हणजे आपलंच काहीतरी चुकतंय असं तिला वाटणार नाही. सांस्कृतिक संध्याकाळी मलिदा करायला हरकत नाही: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, सुकामेवा, वर फळं. सुक्यामेव्यावर बहुधा बंदी असते, तो वगळून करा. साहित्य घरून पाठवू नका, त्यांच्या कोशर स्वयंपाकघरातून घ्यायला सांगा.

सामानाच्या बाबतीत थोडंच सांगतो. डॉक्टरांच्या सहीचा आरोग्य फॉर्म आणि लसींची नोंद वसंतातच करून घ्या, जूनमध्ये डॉक्टरची वेळ मिळत नाही. भारतातून आणलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या, होमिओपॅथीच्या साबुदाण्या, बाम यातलं काही बॅगेत टाकू नका. दवाखाना इथल्या डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय आणि मूळ डबीशिवाय काही देत नाही, तुम्ही नर्स आहात, हे सांगायला नकोच. पोकोनोजच्या गवतात गोचीड असते आणि तिच्यापासून लाइम रोग होतो. मोजे, पँट आणि बूट ०.५ टक्के परमेथ्रिनने बाहेर अंगणात फवारून वाळवा, अंगाला लावू नका. पहिल्याच दिवशी उवांची तपासणी होते. लांब केसांच्या मुलीच्या डोक्यात एक लीख सापडली तरी उपचाराचं बिल घरी येतं आणि मैत्रिणींसमोर तिचा चेहरा पडतो तो वेगळाच. निघण्याच्या आदल्या आठवड्यात बारीक फणीने स्वतः बघा.

फोन जमा करून घेतात. चौथ्या-पाचव्या दिवशी 'मला घरी न्या' असं पत्र येईल, बहुतेकांच्या घरी येतं. पत्र पोहोचेपर्यंत ती तळ्यात पोहत असते. "नाही आवडलं तर लगेच आणू" हे वचन निघताना मात्र कधीही देऊ नका. दिलंत तर ती रमायचा प्रयत्नच करणार नाही, त्या वचनाची वाट बघत बसेल. काळजी वाटली तर तिच्या विभागप्रमुखाला फोन करा.

भाचीसाठी: हंगेरीत सारवश गावात १९९० पासून आंतरराष्ट्रीय ज्यू कॅम्प भरतो. जेडीसी ही ज्यू मदतसंस्था आणि लाउडर फाउंडेशन तो चालवतात आणि भारतातूनही मुलं जातात. बारा दिवसांची सत्रं असतात. चौकशी मुंबईच्या एव्हलिन पीटर्स ज्यूइश कम्युनिटी सेंटरमध्ये करायला सांगा, आणि खर्चातला किती भाग कुटुंबाने उचलायचा हेही तिथेच विचारावं. हंगेरी शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपातल्या सामायिक व्हिसाच्या देशांत, आहे, त्यामुळे किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा आणि दोन्ही पालकांची संमती लागते. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्याच्या तोंडावर मुंबईत अपॉइंटमेंट मिळत नाहीत, म्हणून मार्च उजाडायच्या आत तिचा पासपोर्ट तयार असू द्या.